न्यायाधीशांचे पगार : प्रश्न वरून पाहायचा की खालून?

काही दिवसांपूर्वी तालुक्याच्या अभ्यासवर्गात न्यायव्यवस्थेवर बोलणे चालू असता एका तरुण साथीने मध्येच उठून विचारले, "महिन्याला लाख रुपये घेणाऱ्या माणसाच्या पगाराची काळजी समाजवाद्यांनी का वाहावी?" वर्गात हशा पिकला. वक्त्यांनी न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याविषयी चार वाक्ये सांगून वेळ मारून नेली आणि वर्ग पुढच्या विषयाकडे वळला. प्रश्न मात्र तिथेच राहिला. तो प्रामाणिक होता, आणि त्याला आपल्या चळवळीच्या परंपरेचा आधारही होता. म्हणून त्याचे उत्तर वर्गात नाही तरी या पानावर द्यावे, असे वाटते.

परंपरेचा आधार असा की, मोठ्या पगारांविषयीचा संशय आपल्याकडे पहिल्यापासूनचा आहे. १९३१ साली कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात खास नेमलेले तज्ज्ञ वगळता सरकारच्या कोणत्याही नोकराला सामान्यतः महिना ५०० रुपयांहून अधिक पगार असू नये, असे एक कलम होते. १९३७ साली प्रांतांत आलेल्या काँग्रेस मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले. स्वराज्य आले आणि तो आकडा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. पुढे १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत उभे राहून सांगितले की, या देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारने उत्तर दिले की तीन नव्हे, पंधरा आणे. तीन आणे की पंधरा आणे या वादात देशाचे दारिद्र्य प्रथमच अंकगणिताच्या भाषेत संसदेपुढे आले. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उत्पन्नात एकास दहाहून अधिक अंतर नसावे, ही समाजवाद्यांची मागणी त्याच अंकगणितातून आलेली आहे.

या मापाने न्यायाधीशांचे पगार मोजले तर काय दिसते? संविधान लागू झाले तेव्हा दुसऱ्या अनुसूचीत आकडे थेट लिहिलेले होते : भारताचे सरन्यायाधीश ५,००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ४,०००, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ४,००० आणि अन्य न्यायाधीश ३,५००. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना राहायला बिनभाड्याचे निवासस्थानही होते. लोहियांचे तीन आणे खरे मानले तर महिन्याला साडेपाच रुपयांच्या जवळपास होतात. म्हणजे ज्या माणसाला न्याय द्यायचा आणि जो न्याय देणार, त्यांच्यात सातशे पटींचे अंतर होते. सरकारच्या स्वतःच्या घरातही चित्र फारसे निराळे नव्हते. पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली सर्वांत खालच्या नोकराला भत्त्यासह ५५ रुपये ठरवले होते. सरन्यायाधीशांचा पगार त्याच्या नव्वद पटींहून अधिक होता.

त्यानंतरची ३६ वर्षे हे आकडे जागचे हलले नाहीत. महागाई वाढत गेली, रुपया झिजत गेला, आणि १९८६ साली चोपन्नाव्या घटनादुरुस्तीने ते १०,०००, ९,००० आणि ८,००० असे वाढवले. पुढची वाढ संसदेने साध्या कायद्याने करावी, अशी तरतूदही तेव्हाच झाली. २०१८ सालच्या कायद्याने, १ जानेवारी २०१६ पासून, सरन्यायाधीशांना २,८०,०००, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना २,५०,००० आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना २,२५,००० रुपये ठरले. आकडा मोठा दिसतो. पण सातव्या वेतन आयोगाने केंद्राच्या सर्वांत खालच्या नोकराला १८,००० रुपये मूळ वेतन दिले, त्याच्याशी तुलना केली तर सरन्यायाधीशांचा पगार साडेपंधरा पट भरतो. नव्वद पटींवरून साडेपंधरा पटींवर आलेले हे अंतर आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. सरकारी नोकरीच्या कुंपणाच्या आत विषमता कमी झाली आहे, आणि त्यात कामगार संघटनांच्या लढ्यांचा वाटा मोठा आहे. कुंपणाबाहेर काय चालले आहे, ही गोष्ट वेगळी. न्यायालयाच्या आवारात झाडू मारणारा कंत्राटी कामगार कुंपणाच्या आत की बाहेर, हे त्यालाही सांगता येणार नाही.

वरच्या पगारांचे समर्थन नेहमी दोन मुद्द्यांवर केले जाते. पहिला असा की, भरपूर पगार दिला तरच न्यायाधीश निःस्पृह आणि स्वतंत्र राहतो. ही कल्पना आपली नव्हे, लॉर्ड कॉर्नवॉलिसची आहे. १७९३ साली त्याने बंगालची न्यायव्यवस्था रचली तेव्हा कंपनीच्या गोऱ्या न्यायाधीशांना लठ्ठ पगार दिले, कारण त्यांनी लाच खाऊ नये. त्यांच्या खाली बसणाऱ्या हिंदी मुनसफांना मात्र पगारच दिला नाही. दाव्याच्या रकमेवर रुपयामागे एक आणा एवढे त्यांचे शुल्क. लोकांच्या बहुसंख्य दाव्यांशी संबंध येणार तो मुनसफांचा, आणि निःस्पृहतेची सोय केली ती वरच्या साहेबांची. ही रचना नीट ध्यानात ठेवावी. गोरा साहेब गेला तरी तिचा सांगाडा गेलेला नाही, हे पुढे दिसेल.

पगाराने स्वातंत्र्य येते का, याची कसोटी आपल्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलेली आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली, तेव्हा त्यांचा पगार ३,५०० रुपये होता. आणीबाणी पुकारल्यावर आपल्या साथींसह हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. मधू दंडवते बंगलोरच्या तुरुंगात होते. नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही आले, स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते असा निर्णय दिला. ते सारे न्यायाधीश ३,५०० रुपयांवाले. सरकारने १९७६ साली उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या केल्या; तरी अनेकांनी कणा ताठ ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नागरिकाचे दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश करण्यात आले. खन्नांचा पगार आणि त्यांच्या बाकावरच्या दुसऱ्या कोणत्याही न्यायाधीशाचा पगार एकच, ४,००० रुपये; सरन्यायाधीशांना तेवढे हजार अधिक. धैर्य जर पगाराबरोबर वाढत असते, तर त्या दिवशीचा निकाल उलटा लागायला हवा होता.

सत्तेला न्यायाधीश वाकवायचा असतो तेव्हा ती त्याच्या पगाराला हात लावत नाही. संविधानाने तसे करण्यास, एक आर्थिक आणीबाणी सोडल्यास, मनाईच केली आहे. सत्ता बदलीचा हुकूम काढते, बढती अडवते किंवा निवृत्तीनंतरच्या खुर्चीची आशा दाखवते. महादेव गोविंद रानडे पुण्यात सबजज्ज असताना सार्वजनिक सभेच्या कामामुळे इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलू लागले, तेव्हा १८७८ साली त्यांना नाशिकला आणि १८७९ साली धुळ्याला पाठवण्यात आले. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे ते दिवस होते; रानड्यांचे टपाल फोडून वाचले जात होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आजही निवृत्तीनंतरची पदे ही न्यायाधीशाच्या मिळकतीचाच एक लांबणीवर टाकलेला भाग आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी नेमणूक घेऊ नये, असे मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली बजावले होते. पगारवाढीची विधेयके तासा-दोन तासांत संमत होतात. सेटलवाडांची ही शिफारस सात दशके धूळ खात पडली आहे. राजकीय पक्षांपैकी कोणालाच तिची घाई नाही, आणि यात आपले मित्रपक्षही आले.

दुसरा मुद्दा वकिलांच्या मिळकतीचा. दिल्ली-मुंबईतले बडे वकील एका सुनावणीला न्यायमूर्तींच्या महिन्याच्या पगाराहून अधिक फी घेतात. मग हुशार वकील न्यायासनावर का येईल, असे विचारतात. हे खरे आहे, पण याचे औषध न्यायाधीशाचा पगार वकिलाच्या फीमागे धावडवणे हे नव्हे. ती शर्यत सार्वजनिक तिजोरी कधीच जिंकणार नाही, आणि जिंकू नये. ज्याला न्यायासन म्हणजे मिळकतीतली तूट वाटते, तो न आलेला बरा.

इथवर वाचून तो तरुण साथी म्हणेल, मग माझेच म्हणणे खरे ठरले. नाही, ठरले नाही. कारण इथवर आपण न्यायव्यवस्थेचा शेंडा पाहिला. आपल्याकडे न्यायाधीशांच्या पगारावर बोलणारे सारेच शेंड्यावर बोलतात आणि तिथेच थांबतात.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बसावे. चळवळीतल्या माणसाला तिथली वाट दाखवावी लागत नाही. मोर्चाच्या, रास्ता-रोकोच्या खटल्यांच्या तारखांनी आपले अर्धे कार्यकर्ते तिथेच म्हातारे झाले. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशी दोन पदे एकाच माणसाच्या डोक्यावर. समोर दिवसाच्या बोर्डावर प्रकरणांची लांबलचक रांग. बांधाचे भांडण, पोटगीचा अर्ज, चेक न वटल्याच्या फिर्यादी, दारूबंदीच्या केसेस, आणि मधेच पोलीस रात्री पकडलेल्या दोन पोरांना रिमांडसाठी घेऊन उभे. संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेनंतर चोवीस तासांत माणसाला ज्याच्यापुढे उभे करायचे, तो न्यायदंडाधिकारी हाच. त्याने डोळे उघडे ठेवून त्या पोराला "मारहाण झाली का?" असे विचारले, तर फरक पडतो. मान खाली घालून सही केली, तर तो पोरगा जामीनदार मिळेपर्यंत आत जातो. या देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तीन जण शिक्षा न झालेले, कच्चे कैदी आहेत. त्यांचा प्रवास याच टेबलावरून सुरू होतो. गरीब माणूस आयुष्यात ज्या एकाच न्यायाधीशाचे तोंड पाहतो तो हा. सर्वोच्च न्यायालय त्याला वर्तमानपत्रातच भेटते.

या न्यायाधीशाच्या पगाराविषयी संविधानात एक अक्षर नाही. वरच्यांचे पगार संचित निधीवर भारित; त्यांवर सभागृहाला मतसुद्धा देता येत नाही आणि नेमणुकीनंतर ते कमी करता येत नाहीत. खालच्याला राज्य सरकारच्या मर्जीवर सोडले. कॉर्नवॉलिसचा सांगाडा तो हाच : निःस्पृहतेची सोय वर, काटकसर खाली. परिणामी कित्येक वर्षे तालुक्याचा न्यायाधीश भाड्याच्या खोलीत राहिला, बसने किंवा स्कूटरवरून न्यायालयात गेला, आणि कधीकधी ज्याचा दावा आपल्यापुढे चालू आहे त्याच्याच जीपमधून परतला. अशा वेळी "रामशास्त्री बाणा हवा" असे सांगणारे भेटतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवला, ही आख्यायिका आपल्याला प्रिय आहे, असावीही. परंतु राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा पुरुष शतकात एखादा जन्मतो. हजारो न्यायालये त्याच्या भरवशावर चालवता येत नाहीत. ज्याला पोराच्या शाळेची फी भरायची आहे अशा साध्या, भल्या माणसाला सरळ राहणे शक्य व्हावे, एवढी व्यवस्था करणे हे राज्याचे काम आहे.

ती व्यवस्था राज्याने आपण होऊन केली नाही. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेने १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल केला. अर्ज क्रमांक १०२२. नोव्हेंबर १९९१ मध्ये निकाल लागला : राहायला घर द्या, पुस्तके द्या, जाण्यायेण्याची सोय करा, निवृत्तीचे वय साठ करा. राज्यांनी पैसा नाही म्हणून फेरविचार मागितला. १९९३ साली न्यायालयाने त्यांना सुनावले की, न्यायाधीश हे सरकारचे नोकर नव्हेत. त्यांची तुलना करायची तर मंत्र्यांशी आणि आमदारांशी करा, सचिवालयातल्या अधिकाऱ्यांशी नव्हे. मग १९९६ साली न्या. जगन्नाथ शेट्टी आयोग, १९९९ साली त्याचा अहवाल, मार्च २००२ मध्ये त्यावर आदेश. मग २००९ साली न्या. पद्मनाभन समिती. मग २०१७ साली न्या. वेंकटराम रेड्डी यांचा दुसरा आयोग, २०२० साली अहवाल, जुलै २०२२ मध्ये आदेश, आणि १ जानेवारी २०१६ पासूनची थकबाकी हप्त्याहप्त्याने. भत्त्यांचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये. हे सारे त्याच १०२२ क्रमांकाच्या अर्जात! न्यायाधीशांच्या स्वतःच्या गाऱ्हाण्याला तीन दशकांहून अधिक तारखा पडल्या, तर बांधाच्या भांडणाला किती पडाव्यात?

या प्रदीर्घ खटल्याचे फळ असे की, नव्या दिवाणी न्यायाधीशाचे मूळ वेतन २७,७०० रुपयांवरून ७७,८४० रुपये झाले. आता लोहियांचे माप लावून पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. महिन्याचे २६ दिवस काम मिळाले असे धरले (मिळत नाही, हे सांगण्याची गरज नाही) तर ८,११२ रुपये. तालुक्याच्या न्यायाधीशाचे मूळ वेतन त्याच्या साडेनऊ पटींच्या थोडे वर भरते. एकास दहा! महागाई भत्ता धरला तर हे प्रमाण वाढून चौदा-पंधरावर जाते, हे लपवण्याचे कारण नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे नुसते मूळ वेतनच या मजुरीच्या तीस पट आहे. दहा-पंधरा पटींवर खालच्या न्यायाधीशाचा हेवा करण्यापेक्षा तुलनेच्या तळाशी असलेली ३१२ रुपयांची मजुरी वर कशी ओढता येईल, ही समाजवाद्याची चिंता असली पाहिजे. अभ्यासवर्गातल्या साथीला माझे पहिले उत्तर हे. तालुक्याच्या न्यायाधीशाला मिळतो तो पगार रास्त आहे, आणि तो मिळाला पाहिजे असे आपण उघडपणे म्हणावे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्याकडे चळवळीचे लक्ष अजून गेलेले दिसत नाही. पगार रास्त झाला; आता तो घेण्यासाठी त्या खुर्चीवर कोणाला बसता येणार?

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेट्टी आयोगाची शिफारस मान्य करून वकिलीच्या अनुभवाची अट काढून टाकली होती. कायद्याची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी थेट परीक्षेला बसू शकत होती. त्या दाराने अनेक घरांतून पहिल्यांदाच न्यायाधीश आले. ज्या घरात आधी कोणी काळा कोट घातला नव्हता, अशी शेतमजुरांची, शिपायांची, अंगणवाडी सेविकांची ती घरे. आणि मुली मोठ्या संख्येने आल्या. २० मे २०२५ रोजी, पुन्हा त्याच १०२२ क्रमांकाच्या अर्जात, न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. न्यायमूर्तींनी दिलेले कारण पोरकट नाही. न्यायालयाचा अनुभव नसलेला तेवीस-चोवीस वर्षांचा पदवीधर एकदम खुर्चीवर बसतो, ज्येष्ठ वकिलांपुढे भांबावतो, साक्षीपुराव्याचे वळण त्याला समजत नाही, अशा तक्रारी अनेक उच्च न्यायालयांनी केल्या होत्या. तालुक्यातल्या आपल्या वकील मित्रांना विचारले तर तेही हेच सांगतील. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते अमरावतीचे भूषण गवई, रिपब्लिकन चळवळीतले नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. तेव्हा या निकालामागे वंचितांविषयी अनास्था होती, असा आरोप करण्यात अर्थ नाही.

तरीही प्रश्न उरतो : ही तीन वर्षे खायचे काय?

ज्युनिअर वकिलाचे जिणे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सिनिअरच्या फायली वाहायच्या, तारखा मागायच्या, नकला काढायच्या आणि महिनाअखेरीस मिळाले तर दोन-चार हजार, नाही तर "शिकायला मिळते आहे ना!" एवढा आशीर्वाद. ज्याच्या बापाचे शहरात ऑफिस आहे, त्याला ही तीन वर्षे म्हणजे घरचीच उमेदवारी. ज्याने कर्ज काढून पदवी घेतली त्याला ती दुष्काळासारखी. मुलीचे तर आणखी अवघड. तीन वर्षे विनामोबदला कोर्टात जाऊ देण्यापेक्षा घरचे लोक तिचे लग्न उरकतील. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलाला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि ती ज्याने पाळायची तो तालुक्याचा सिनिअर वकील स्वतःच महिना काढताना मेटाकुटीस येतो. पगार कागदावर ७७,८४०, पण त्याच्यापर्यंत जाणारी पायरी ज्याच्या घरी तीन वर्षांचा शिधा आहे त्याच्याकरिताच राखून ठेवलेली! एका दिवसाचा शिधा ठेवणाऱ्या रामशास्त्र्यांना आज परीक्षेचा अर्जही भरता आला नसता.

यावर उपाय नाही असे नाही. २०१९ साली आंध्र प्रदेश सरकारने नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे महिना ५,००० रुपये देण्याची योजना सुरू केली होती. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व बरोबर होते. राज्याला जर तीन वर्षांचा अनुभव असलेला न्यायाधीश हवा, तर अनुभवाचा खर्च राज्याने सोसला पाहिजे. तो गरिबाच्या घरावर लादता येणार नाही. ग्रामीण दराने, महिना १५,००० रुपयांप्रमाणे, एका उमेदवाराचे तीन वर्षांचे विद्यावेतन ५ लाख ४० हजार रुपये होते. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा घालून एक हजार होतकरू वकिलांना ते द्यायचे म्हटले तर वर्षाला १८ कोटी रुपये. त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या कामाला जोडून द्यावे. कच्च्या कैद्यांचे जामीनअर्ज त्यांनी चालवावेत. अनुभवही मिळेल आणि तुरुंगातल्या गरिबाला वकीलही मिळेल. बहुतेक राज्ये आपल्या एकूण खर्चाच्या शेकडा एक टक्कासुद्धा न्यायदानावर खर्च करत नाहीत. तेव्हा १८ कोटींनी तिजोरी बुडेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगू नये.

आणि न दिलेल्या पगारांचे काय? १९८७ साली विधी आयोगाने सांगितले की, दर दहा लाख लोकांमागे साडेदहाच न्यायाधीश आहेत, ते पाच वर्षांत पन्नास करा. २००२ च्या निकालातही तोच पन्नासाचा आकडा होता. आज मंजूर पदे धरली तरी आकडा २१ च्या आसपास रेंगाळतो, आणि त्या मंजूर पदांपैकी सुमारे पाच हजार रिकामी आहेत. जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. रिकाम्या खुर्चीला पगार द्यावा लागत नाही, ही सरकारची खरी बचत. तिची किंमत तारखेच्या दिवशी मजुरी बुडवून एसटीने येणारा पक्षकार भरतो. त्याचे बुडालेले ३१२ रुपये कोणत्याही वेतन आयोगाच्या हिशेबात येत नाहीत.

न्यायाधीशाबरोबर त्याच न्यायालयात काम करणारे शिपाई, बेलीफ, लघुलेखक यांच्या जागांविषयीही असेच लिहिता येईल. त्या स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. तूर्त एवढेच सुचवावेसे वाटते की, येत्या जिल्हा मेळाव्यात न्यायव्यवस्थेवरचा ठराव मांडताना नेहमीच्या निषेधाच्या चार ओळींऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात : रिकाम्या जागा भरण्याचे वेळापत्रक, निवृत्तीनंतरच्या सरकारी नेमणुकांवर सेटलवाड आयोगाने सुचवलेली बंदी, आणि ज्युनिअर वकिलांना १५,००० रुपयांचे सरकारी विद्यावेतन. ठराव त्या प्रश्न विचारणाऱ्या साथीनेच मांडावा. त्याची धाकटी बहीण कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे मला वर्ग संपल्यावर चहाच्या टपरीवर कळले.